कोथरूडमधला ५४ वर्षांचा आंबा शेजाऱ्यांच्या घराकडे झुकलाय. तोडावा लागेल का?

रायवळ | ९ एप्रिल २०२५

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. थोडं लांबेल, पण झाड डोळ्यांसमोर आल्याशिवाय कुणी नीट सल्ला देऊ शकणार नाही.

कोथरूडमध्ये आमचं बैठं घर आहे, चार गुंठ्यांच्या प्लॉटवर. बाबांनी ते १९७० मध्ये बांधलं. मागच्या अंगणात, पश्चिमेच्या कुंपणभिंतीपासून जेमतेम पाच फुटांवर आंबा आहे. कलम नाही, कोयीचा, रायवळ. जून १९७१ मध्ये आजोळहून आलेल्या पाटीतला एक आंबा आईला फार गोड लागला, म्हणून तिने ती कोय पुरली. पुढच्याच वर्षी दुष्काळ. भांडी विसळलेलं पाणी आई बादलीत साठवायची आणि संध्याकाळी त्या वीतभर रोपाला घालायची. मी सात वर्षांची होते, बादलीची कडी दुसऱ्या बाजूने मी धरायचे. आई आता ८४ वर्षांची आहे. सकाळचा चहा ती अजून मागच्या पायरीवर बसूनच घेते, झाडाकडे तोंड करून.

आता अडचण. गेल्या ऑगस्टच्या पावसानंतर झाड पश्चिमेला झुकल्यासारखं वाटू लागलं. त्या बाजूची एक जाड फांदी अण्णांच्या, म्हणजे शेजाऱ्यांच्या, गच्चीवर गेली आहे. त्याच फांदीखाली त्यांच्या नातीची अभ्यासाची खोली. कुंपणभिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली आहे. अण्णांशी आमचा पंचेचाळीस वर्षांचा घरोबा. बाबा गेले तेव्हा तेच रात्रभर आमच्याकडे होते. त्यांनी मागच्या आठवड्यात लेखी पत्र दिलं: झाड पडून काही झालं तर जबाबदारी तुमची. पत्र देताना त्यांना बोलवत नव्हतं. मला त्यांचा राग नाही. त्या खोलीत माझी नात बसत असती तर मीही पत्र लिहिलं असतं.

दादा बंगळूरला असतो. तो फोनवर म्हणाला, "तोडून टाक, उगाच भावनेत अडकू नकोस." मी एका लाकूडतोड्या ठेकेदाराला बोलावलं. तो म्हणाला, पंचवीस हजार द्या, रविवारी पहाटे उरकतो, सुट्टीच्या दिवशी कुणी येत नाही. मी परवानगीचं विचारलं तर म्हणाला, मग दुसरा मार्ग आहे, बुंध्याला भोकं पाडून औषध भरू, सहा महिन्यांत वाळेल, वाळक्या झाडाला लगेच परवानगी मिळते. आई खिडकीतून ऐकत होती. तो गेल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "विष घालणार का गं त्याला?" त्या रात्री ती जेवली नाही.

मला विचारायचं आहे ते असं. झाड आमच्या जागेत, आईने लावलेलं, तरी परवानगी लागतेच ना? ती कुठे मागायची, किती दिवस लागतात? आणि तोडणं किंवा जीव मुठीत धरून बसणं, याखेरीज काही आहे का? छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर आठ फूट दोन इंच भरतो. या वर्षी कैऱ्या भरपूर लागल्या आहेत.

---

पानगळ | ९ एप्रिल

ताई, परवानगी लागतेच. जागा तुमची, झाड तुम्ही लावलेलं, फळं तुमची, तरीही. महाराष्ट्रात महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा लागू आहे. सरकारी झाड आणि खासगी झाड असा भेद त्यात नाही. प्रत्येक पालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं आणि वृक्ष अधिकारी नेमलेला असतो. अर्ज त्याच्याकडे. तुमच्या मिळकतकराच्या बिलात झाडांसाठीचा कर लावलेला दिसेल, त्याचा उगम याच कायद्यात आहे.

त्या ठेकेदाराला पुन्हा दारात उभं करू नका. कायद्यात "झाड तोडणे" याची व्याख्याच अशी आहे की जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं हे सगळं त्यात येतं. भोकं पाडून औषध भरणं म्हणजे तोडणंच. दंड आहे, कैदही आहे. आणि पकडला जातो तो जागेचा मालक. रविवारी पहाटे आलेला माणूस सोमवारी सापडत नाही.

मी ठाण्यात वकिली करतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो, दादांना सांगायला उपयोगी पडतील. मार्च २०२५ मध्येच, म्हणजे अगदी परवा, सर्वोच्च न्यायालयाने मथुरा-वृंदावन भागात विनापरवाना तोडलेल्या ४५४ झाडांसाठी झाडामागे एक लाख रुपये दंड कायम केला. ती झाडं खासगी जागेतली होती. दुसरी गोष्ट २०२१ ची. पश्चिम बंगालमधल्या झाडांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाची किंमत काढायची रीत सुचवली होती: वय गुणिले ७४,५०० रुपये. त्यातला सर्वांत मोठा वाटा प्राणवायूचा, वर्षाला ४५,००० रुपये. तुमच्या आंब्याला हे लावून पाहिलं तर ४० लाख २३ हजार होतात. एवढे पैसे भरावे लागतील असं मी म्हणत नाही, तो हिशेब दंडाचा नाही. पण पंचवीस हजारांत काय जाणार आहे, ते त्यावरून कळतं.

---

आळं | १० एप्रिल

ताई, मी एका महापालिकेच्या उद्यान विभागात ३१ वर्षं काढली, शेवटची नऊ उद्यान निरीक्षक म्हणून. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. कायद्याचं नंतर सांगतो. आधी झाड बघा, कारण पाहणीला येणारा माणूसही तेच बघणार आहे.

झाड झुकलेलं असणं आणि झाड झुकत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांब उभ्या राहून खोडाची रेघ पाहा. बुंधा तिरका पण वरचा शेंडा पुन्हा आभाळाकडे सरळ वळलेला असेल तर तो कल जुना आहे, झाडाने तो वर्षानुवर्षं सावरून घेतला आहे. खोड काठीसारखं अख्खंच एका बाजूला गेलं असेल तर नवीन. मग झुकावाच्या उलट बाजूची जमीन बघा, तुमच्या बाबतीत पूर्वेची, घराकडची. तिथे माती फुगली आहे का, अर्धवर्तुळाकार चीर आहे का. झाडाला दोरासारखं ओढून धरतात ती उलट बाजूची मुळं. ती सुटू लागली की माती सांगते. बुंध्याशी भुसा पडतो का, सालीतून डिंक गळतो का, जमिनीलगत पंख्यासारखी कडक बुरशी उगवली आहे का, हेही पाहा. लाकडी मोगरीने बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकून आवाज ऐका. पोकळ जागा लगेच कळते.

एक ओळंबा लावा, गवंड्याकडे असतो तो. पश्चिमेच्या एका भक्कम फांदीला खिळा न मारता दोरीने टांगा, आणि टोक जमिनीवर जिथे येतं तिथे फरशीचा तुकडा पुरून खूण करा. दर रविवारी त्याच वेळी, वारा नसताना, बघायचं. झाड हलतंय की तुमचं मन, हे दोन-तीन आठवड्यांत स्पष्ट होईल.

आता अर्ज. तोडायची परवानगी मागू नका. "धोकादायक बाजूच्या फांद्या कमी करण्याची परवानगी आणि झाडाची तांत्रिक पाहणी" असं मागा. क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा, उद्यान विभागाचा अर्ज तिथे मिळेल. झाडाचं वर्णन, जागेचा साधा नकाशा आणि त्यात झाड कुठे आहे ते, चारही बाजूंनी फोटो, कारण, मालकीचा कागद. प्रॉपर्टी कार्डावर तुमच्या भावाचंही नाव असेल तर त्यांचं संमतिपत्र आधीच घ्या. निम्मे अर्ज तिथे अडकतात. अण्णांचं पत्र जरूर जोडा. ते तुमच्या विरुद्ध आहे असं समजू नका, धोक्याचा तोच पुरावा आहे.

अख्खं झाड तोडायचा अर्ज असेल तर वृक्ष अधिकारी स्वतः पाहणी करतो, वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, आणि झाडावर सगळ्यांना दिसेल अशी नोटीस लावली जाते, कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता यावी म्हणून. निर्णयाला साठ दिवसांची मुदत आहे. परवानगी मिळाली तरी त्यानंतर पंधरा दिवस झाडाला हात लावता येत नाही. मेलेलं, रोगट, वाऱ्याने उन्मळलेलं किंवा जीविताला धोका असलेलं झाड असेल तर परवानगी नाकारायची नाही, असंही कायदा सांगतो. म्हणजे खरा धोका असेल तर वाट बंद नाही.

पण तुमच्या झाडाचं वय महत्त्वाचं आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं आणि त्याहून जुनं झाड "हेरिटेज ट्री" ठरतं. तुमच्या आईंनी जून १९७१ मध्ये लावलं, म्हणजे ते त्यात बसतं. अर्जात वय खरं लिहा. त्याच दुरुस्तीत आणखी एक आहे: तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची, लावताना किमान सहा फूट उंचीची, आणि सात वर्षं ती जगवायची. तुम्हाला चोपन्न झाडं लावावी लागतील. चार गुंठ्यांत घर सोडून ती कुठे लावणार?

एक प्रश्न. पूर्वेच्या बाजूला, बुंध्यापासून दहा-बारा फुटांत, गेल्या काही वर्षांत काही खोदकाम झालं होतं का?

---

उतरतं छप्पर | १० एप्रिल

वरचं सगळं बरोबर असेल, पण मी दुसरी बाजू लिहिणार, कारण ती मी भोगली आहे. शहराचं नाव लिहीत नाही. आमच्या सोसायटीतला गुलमोहर तीन वर्षं वाकलेला होता. दोनदा अर्ज केला. पहिल्यांदा झाड निरोगी आहे म्हणून कळवलं, दुसऱ्यांदा उत्तरच आलं नाही. जुलैतल्या एका रात्री ते पार्किंगवर आडवं झालं. माझे मेहुणे स्कूटर काढत होते. डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला, अजून पायात सळई आहे. २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंच्या अंगावर माड कोसळला आणि त्या गेल्या. झाडं पडतात हो.

गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, आंब्याचं तसं नाही, हे मला मान्य. तुमच्या आईंबद्दल वाचून डोळ्यांत पाणी आलं हेही खरं. पण त्या खोलीतल्या मुलीचा अभ्यासाचा टेबल आजच दुसऱ्या खोलीत हलवायला सांगा. पाहणीची वाट पाहू नका. आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. आमच्या पहिल्या अर्जावर शिक्का नव्हता, मागाहून तो दिला होता हे सिद्ध करायलाच चार महिने गेले.

---

लाल चिरा | ११ एप्रिल

आमचं रत्नागिरीजवळ घर, ग्रामपंचायत हद्द. इथे वेगळा कायदा, १९६४ चा वृक्षतोडीचा. त्यात झाडांच्या जातींची यादी आहे: आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग आणि आणखी काही. ती झाडं स्वतःच्या बागेतली असली तरी वनविभागाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गावाकडची जागा आणि शहरातली जागा असं दोन्ही असणाऱ्यांचा इथे फार गोंधळ होतो, म्हणून लिहिलं.

ताई, बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसला तर ती भिरूड. अळी बोटाएवढी जाड असते आणि खोड आतून पोखरते. भोक सापडलं की तारेचा आकडा आत घालून अळी ओढून काढायची, मग औषधाचा बोळा घालून भोक मातीने लिंपायचं. माझे आजोबा दर वर्षी दिवाळीनंतर प्रत्येक झाडाभोवती कंदील घेऊन फिरायचे. भिरूड वेळेत सापडली तर झाड वाचतं. आमच्या दारातलं एक झाड तीन वेळा लागून वाचलं आहे.

---

रायवळ | १३ एप्रिल

सगळ्यांना मनापासून नमस्कार. टेबल त्याच दिवशी हलवला. मी स्वतः जाऊन अण्णांच्या सुनेबरोबर उचलला. अण्णा म्हणाले, एवढं पुरे मला, बाकी तू सावकाश कर.

आळं, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मी दोन दिवस झोपले नाही. हो, झालं होतं खोदकाम. २०१६ च्या मे महिन्यात मी मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. पावसाळ्यात चिखल व्हायचा, आई घसरेल ही भीती होती. घर आणि आंबा यांच्यामधली पूर्वेची सगळी जागा, बुंध्याला अगदी चिकटून. मजुरांनी फूटभर खोल उकरलं. माझ्या दंडाएवढी दोन मुळं आडवी आली. त्यांनी विचारलं, ताई, तोडू का? मी घड्याळ बघत होते, शाळेत मीटिंग होती. हो म्हणाले. तो क्षण मला आता लख्ख आठवतो, कुऱ्हाडीचा आवाजही. गेली नऊ वर्षं तो कधीही आठवला नव्हता.

तुम्ही सांगितलं तसं सगळं पाहिलं. शेंडा सरळ वर वळलेला आहे. निदान वरचा दहा-बारा फुटांचा भाग तरी. पण बुंध्यापासून चार फुटांवर पेव्हर ब्लॉकची एक ओळ उचलली गेली आहे, कमानीसारखी. दोन ब्लॉकांत बोट जातं. बुरशी दिसली नाही. भुसा नाही. मोगरीचा आवाज एका जागी, पूर्वेला जमिनीलगत, जरा बद्द येतो, बाकी भरीव. ओळंबा बांधला. गवंडी मुलगा आला होता, त्यानेच फरशीचा तुकडा पुरून वर रेघ मारून दिली.

आईला सांगितलं. मुळांचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू माझ्यासाठी केलंस ना ते." मला वाटतं, रागावली असती तर बरं झालं असतं.

दादालाही सांगितलं, पेव्हर ब्लॉक, मुळं, चोपन्न झाडं, चाळीस लाख, सगळं. तो गप्प झाला आणि म्हणाला संमतिपत्र पाठवतो. बुधवारी क्षेत्रीय कार्यालयात जाते आहे.

---

आळं | १३ एप्रिल

हे लिहिलंत ते बरं केलंत. अर्जातही लिहा. पाहणी करणाऱ्याला कारण कळलं तर उपाय कळतो, नाहीतर तो नुसतं झुकलेलं झाड बघून जातो. तुम्ही एकट्या नाही. माझ्या नोकरीत मी पडलेली जी झाडं पाहिली, त्यांतल्या कितीतरी झाडांच्या बुंध्याशी सिमेंट होतं आणि एका बाजूची मुळं खोदाईत गेलेली होती. पाऊस फक्त शेवटचा धक्का देतो. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीची एक मीटर जागा सिमेंटमधून मोकळी करायला लावली, ती याचसाठी.

आता कामं. झुकलेल्या बाजूच्या कैऱ्या आत्ताच उतरवा. वाढीव वजन आहे ते, तेही फांदीच्या टोकाला. हे करायला कुणाची परवानगी लागत नाही. पेव्हर ब्लॉक हातांनी काढा, पहारीने उचकटू नका, आणि खाली कुदळ लावायची नाही. मोकळ्या झालेल्या जागेवर चार बोटं पालापाचोळा आणि जुनं शेणखत. पाणी बुंध्याला घालू नका, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे घाला.

परवानगी मिळाल्यावर छाटणी करताना शेंडा कापू देऊ नका. लोकांना वाटतं उंची कमी केली की धोका कमी. त्या जागी फुटणारे धुमारे सालीला नुसते चिकटलेले असतात, चार वर्षांनी तेच मोडून पडतात. पश्चिमेच्या फांद्यांची लांबी कमी करा, एकूण पानांच्या चौथाईपेक्षा जास्त नाही. जाड फांदी तीन कापांत काढायची: पहिला खालून, थोडासाच, दुसरा त्याच्या पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना साल ओढून नेत नाही, तिसरा खोडाजवळ, पण फांदीच्या मुळाशी जी फुगीर कडी असते ती सोडून. त्या कडीतूनच जखम भरते. कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, या प्रमाणात. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवू नका, प्लास्टिकची घ्या.

भिंत पाडून परत बांधायची असेल तर मुळावरून बांधू नका. मुळाच्या दोन्ही बाजूंना पाया घ्या आणि वरून लिंटेल, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई टाका, मूळ खालून जाऊ द्या.

---

थेम्सकाठ | १५ एप्रिल

लंडनच्या हॅरो भागातून. आमच्या मागच्या अंगणात ओक आहे आणि त्याच्यावर कौन्सिलचा वृक्ष संरक्षण आदेश आहे, घर घेतानाच वकिलाने सांगितलं होतं. फांदी कमी करायलाही अर्ज, निर्णयाला आठ आठवडे. जिथे असा आदेश नाही पण परिसर संरक्षित आहे, तिथे जमिनीपासून दीड मीटरवर खोडाचा व्यास ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर सहा आठवडे आधी कौन्सिलला कळवायचं. ७५ मिलिमीटर म्हणजे मनगटापेक्षा थोडं जाड. त्या सहा आठवड्यांत कौन्सिल ठरवतं, झाडावर आदेश काढायचा की नाही. सुरुवातीला मला हा जाच वाटायचा. मग वर्षभरात लक्षात आलं, आमच्या गल्लीतलं एकही मोठं झाड मी आल्यापासून गेलेलं नाही.

आईंना नमस्कार सांगा.

---

रायवळ | २ जून

वचन दिलं नव्हतं, पण काय झालं ते सांगायला हवं.

१६ एप्रिलला अर्ज दिला, शिक्का घेतला. खिडकीवरच्या बाईंनी वय वाचून विचारलं, कागदोपत्री काही आहे का? लावल्याची पावती कुठून असणार. पण घरी आल्बममध्ये १९७३ चा फोटो सापडला: मी परकर-पोलक्यात, हातात बादली, शेजारी माझ्या कमरेएवढं झाड. मागे नवं घर दिसतं. फोटोग्राफरचा शिक्का आणि साल मागे आहे. त्याची प्रत जोडली.

२४ तारखेला पाहणी झाली. आलेले साहेब पाऊण तास होते. उचललेली पेव्हर ब्लॉकची ओळ त्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून पाहिली. आईशीही बोलले. आई त्यांना म्हणाली, "मुलीच्या खोलीवर पडणार असेल तर तोडा, मी आड येणार नाही. पण आधी नीट बघा." मला हे तिने आधी कधीच सांगितलं नव्हतं.

१४ मेला परवानगी आली: पश्चिमेच्या चार फांद्या कमी करायच्या, झाड ठेवायचं, पेव्हर ब्लॉक काढायचे, पावसाळ्यानंतर पुन्हा पाहणी. कैऱ्या तोवर उतरवून झाल्या होत्या, झुकलेल्या बाजूच्याच अकरा पाट्या भरल्या. १७ आणि १८ मेला छाटणी केली. यावेळी मी घड्याळ काढून ठेवलं होतं आणि प्रत्येक कापाच्या वेळी खाली उभी होते. तीन काप, फुगीर कडी सोडून. अण्णा त्यांच्या गच्चीतून दोरी धरून होते, ७६ व्या वर्षी. नको म्हटलं तरी ऐकेनात.

आणि मग पाऊस. या वर्षी तो मेच्या शेवटच्या आठवड्यातच येऊन थडकला, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच. माझी तयारी मृगाची होती. २६ तारखेच्या रात्री वारा असा होता की मी, आई आणि कंदील, तिघं स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून होतो. वीज गेली होती. मधूनच अण्णांच्या गच्चीवर बॅटरीचा झोत दिसायचा, तेही झाडच बघत होते. पहाटे मी छत्री घेऊन मागे गेले. ओळंबा डोलत होता, वारा पडेपर्यंत थांबावं लागलं. रेघेवर होता. एप्रिलपासून आठ रविवार झाले, कालचा धरून. सात रविवार अगदी रेघेवर, एकदा अर्धा सेंटिमीटर पूर्वेला, छाटणीनंतरचा तो रविवार. वजन उतरल्यावर झाड जरासं परत आलं असेल का?

भिंतीचं काम दिवाळीनंतर, लिंटेल टाकूनच. खर्च अण्णा अर्धा देतो म्हणतायत.

आळं, एक विचारायचं राहिलं. पेव्हर ब्लॉक काढलेली जागा मोकळी आहे, बारा फूट बाय आठ. आईला तिथे हळद लावायची आहे, सावलीत चांगली येते म्हणून. लावू का?

---

आळं | २ जून

हो, वजन उतरलं की फांदी थोडी वर येते, ओळंबा फांदीला आहे, त्याचा तो फरक. काळजी नको. पण खूण तीच ठेवा, बदलू नका, आणि ऑक्टोबरपर्यंत रविवार चुकवू नका.

हळद नको. लावताना नाही तर काढताना खणावं लागतं, आणि तिथे आता बारीक मुळं वर यायला लागली असतील, पाला बाजूला सारून पाहा, पांढरी दिसतील. आईंना म्हणावं, हळद कुंडीत लावा. त्या जागेवर झाडाचाच पाला पडू द्या आणि तो झाडू नका.

---

रायवळ | ३ जून

आत्ता आईला घेऊन मागे गेले आणि पाला सारून पाहिला. आहेत. दोऱ्यासारखी, पांढरी. आईने परत पाला ओढला वर, हाताने.